दातखीळ : चावण्याच्या स्नायूंची आणि धनुर्वाताची जुनी गोष्ट

वाचता वाचता एक छोटा प्रयोग करा. दोन्ही हातांची बोटे कानाच्या थोडी पुढे, गालाच्या मागच्या भागावर ठेवा आणि दात घट्ट आवळा. बोटांखाली एक कडक फुगवटा उठेल. तो मॅसेटर नावाचा स्नायू. आता बोटे कानशिलावर न्या आणि पुन्हा दात आवळा. तिथेही काहीतरी ताठ होते. तो टेम्पोरॅलिस. भाकरी चावणाऱ्या माणसाकडे बाजूने पाहिलेत तर त्याचे कानशील हलताना दिसते, ते याच स्नायूमुळे.

चावण्याचे मुख्य स्नायू प्रत्येक बाजूला चार असतात. मॅसेटर गालफडाच्या हाडापासून निघून खालच्या जबड्याच्या कोपऱ्याला धरतो. टेम्पोरॅलिस पंख्यासारखा डोक्याच्या बाजूवर पसरलेला असतो आणि निमुळता होत, गालफडाच्या हाडाखालून जाऊन जबड्याच्या पुढच्या टोकाला चिकटतो. तिसरा मीडियल टेरिगॉइड. तो जबड्याच्या आतल्या बाजूला, जणू मॅसेटरचे प्रतिबिंब. बाहेरून मॅसेटर आणि आतून हा, अशा दोघांनी जबडा झोळीत धरल्यासारखा धरलेला असतो. चौथा लॅटरल टेरिगॉइड. हा आडवा असतो, जबड्याला पुढे आणि बाजूला ओढतो. घास दळताना जबडा जात्यासारखा फिरतो त्यात याचा मोठा वाटा.

या चारांपैकी पहिले तिघे तोंड बंद करणारे. उघडायला मदत करतो तो एकटा लॅटरल टेरिगॉइड, जोडीला हनुवटीखालचे काही बारीक स्नायू आणि गुरुत्वाकर्षण. निसर्गाला तोंड बंद करण्यासाठी ताकद हवी होती, कारण चावायचे तर जोर लागतो. उघडायला जोर कशाला? मगरीतही हाच प्रकार आहे, फक्त टोकाचा. तिच्या चाव्याची ताकद सर्वांना ठाऊक आहे, पण तिचे मिटलेले तोंड माणूस हातांनी दाबून धरू शकतो.

ही विषमता लक्षात ठेवा. पुढची सगळी गोष्ट तिच्यावर उभी आहे.

मराठीत आपण ‘त्याची दातखीळ बसली’ असे सहज म्हणतो. साहेबांनी विचारले आणि उत्तर सुचले नाही, की बसली दातखीळ. हा शब्द मुळात आला तो खरोखर घडणाऱ्या गोष्टीवरून. वरचे दात आणि खालचे दात यांना कोणी खिळा ठोकून जोडावे तसे तोंड मिटते आणि उघडत नाही. वैद्यकात याला ट्रिसमस म्हणतात. त्याची कारणे अनेक आहेत, पण माणसाने हजारो वर्षे ज्या कारणाची धास्ती घेतली ते म्हणजे धनुर्वात. आज या रोगाचा इतिहास सांगावासा वाटतो, कारण टीटीचे इंजेक्शन सर्वांना माहीत असते, पण ते कशासाठी हे विचारले तर बहुतेक जण ‘गंजका खिळा लागला म्हणून’ एवढेच सांगतात.

सर्वात जुनी नोंद बहुधा इजिप्तमधली. एडविन स्मिथ नावाच्या अमेरिकन गृहस्थाने १८६२ साली लक्झर येथे एक पपायरस विकत घेतला. तो सुमारे साडेतीन हजार वर्षांपूर्वी लिहिलेला, आणि त्यातला मजकूर त्याहूनही जुना. १९३० साली ब्रेस्टेड यांनी त्याचे भाषांतर प्रसिद्ध केले तेव्हा कळले की ही शस्त्रक्रियेची पोथी आहे. एकेक जखमी माणूस, त्याची तपासणी, निदान आणि हा रोग हाती घ्यायचा की नाही याचा निर्णय, अशी तिची मांडणी. त्यातला सातवा रुग्ण डोक्याला जखम झालेला. त्याचे तोंड उघडत नाही, मान ताठ आहे, चेहरा रडल्यासारखा दिसतो. लेखक म्हणतो की त्याच्या जबड्याची ‘दोरी’ आखडली आहे. मग तो ही दोरी कुठली तेही समजावतो : जबड्याच्या टोकापासून कानशिलाच्या हाडापर्यंत जाते ती. म्हणजे आपण आत्ता बोटांनी चाचपला तोच भाग. तोंड सैल व्हावे म्हणून त्याने शेक द्यायला सांगितला आहे. हा धनुर्वातच होता की कवटीच्या जखमेतून मेंदूच्या आवरणांत गेलेला जंतुसंसर्ग, याची खात्री आज देता येत नाही. माझे मत विचाराल तर दोन्ही शक्य आहे. पण जबड्याचे स्नायू हात लावून तपासायचे आणि त्यावरून जिवाचा अंदाज बांधायचा, ही पद्धत मात्र तिथे स्पष्ट दिसते.

ग्रीकांकडे येऊ. हिपोक्रेटिसच्या नावावर जी पुस्तके आहेत त्यात एका जहाजाच्या कप्तानाची केस आहे. नांगराखाली त्याच्या उजव्या हाताचे तर्जनीचे बोट चिरडले. जखम चिघळली, बोटाचा काही भाग गळून पडला, मग जरा बरे वाटू लागले. आणि मग जिभेची तक्रार सुरू झाली. शब्द नीट उच्चारता येईनात. पाठोपाठ जबडा मिटला, मग मान आखडली, तिसऱ्या दिवशी शरीर मागे वाकून झटके येऊ लागले, आणि सहाव्या दिवशी तो गेला. आजच्या कोणत्याही पाठ्यपुस्तकातले वर्णन यापेक्षा फार वेगळे नाही. घटनांचा क्रम पाहा : जखम बोटाला, पण सुरुवात तोंडापासून. हे असे का, ते कळायला विसावे शतक उजाडावे लागले.

आपल्याकडे सुश्रुतसंहितेत वातव्याधींच्या प्रकरणात अपतानक आणि धनुःस्तंभ यांचे वर्णन येते. शरीर धनुष्यासारखे वाकते म्हणून धनुःस्तंभ. त्यातच हनुग्रहाचा, म्हणजे जबडा धरला जाण्याचा उल्लेख आहे. ‘धनुर्वात’ हे नाव त्याच परंपरेतले. मला त्यातली एक गोष्ट फार महत्त्वाची वाटते. गर्भपातानंतर, अतिरक्तस्रावानंतर आणि जखमेनंतर होणारा अपतानक बरा होत नाही, असे सुश्रुत स्पष्ट सांगतो. जंतू कोणाला ठाऊक नव्हते, पण जखम आणि गर्भपात या दोन दारांतून हा रोग आत येतो आणि तसा आला की माणूस वाचत नाही, हे निरीक्षण अगदी अचूक आहे. विसाव्या शतकातही असुरक्षित गर्भपातानंतर धनुर्वात होऊन आपल्याकडे कितीतरी स्त्रिया दगावल्या.

मधली अनेक शतके मी सोडून देतो, कारण या रोगाच्या बाबतीत त्यात फारसे काही घडले नाही. वर्णने होत राहिली, रुग्ण मरत राहिले.

१८०९ च्या जानेवारीत स्पेनमध्ये कोरुन्ना येथे लढाई झाली. तिथले जखमी इंग्रज सैनिक जहाजांतून परत आले तेव्हा चार्ल्स बेल हा स्कॉटिश सर्जन त्यांच्यावर उपचार करायला गेला. बेल उत्तम चित्रकारही होता. त्याने रंगवलेले धनुर्वाताच्या रुग्णाचे चित्र वैद्यकाच्या विद्यार्थ्यांना आजही दाखवतात. उघडा सैनिक, पाठीची कमान झालेली, टेकलेले आहेत ते फक्त डोके आणि टाचा, चेहऱ्यावर आवळलेल्या दातांचे भीषण हसू. ज्याने हे चित्र काढले त्याच बेलने पुढे १८२० च्या दशकात चेहऱ्याच्या नसांवर काम केले. चेहऱ्यावरचे हावभाव करणारी नस वेगळी आणि चावण्याच्या स्नायूंना चालवणारी वेगळी, हे त्यातून पुढे आले. चावण्याचे चारही स्नायू पाचव्या मेंदूनसेवर, म्हणजे ट्रायजेमिनलवर चालतात. हसणे, डोळे मिटणे हे सातव्या नसेचे काम. म्हणूनच ज्याचा चेहरा अचानक वाकडा होतो, ज्याला आपण बेल्स पाल्सी म्हणतो, त्याला घास गालात साठल्याचा त्रास होतो, पण चावण्याची ताकद शाबूत असते. आजाराला बेलचेच नाव आहे.

एकोणिसाव्या शतकात हा रोग कोणालाही गाठू शकत होता. अमेरिकन लेखक थोरो यांचे नाव गांधीजींमुळे आपल्याकडे परिचित आहे. त्यांचा मोठा भाऊ जॉन १८४२ च्या जानेवारीत वारला. वस्तऱ्याने बोट कापले होते, एवढेच निमित्त. भाऊ गेल्यानंतर थोड्याच दिवसांत, कुठेही जखम नसताना, हेन्री थोरो यांनाही जबडा आखडल्याची लक्षणे सुरू झाली आणि घरचे लोक हादरले. ते हळूहळू बरे झाले. शोकाने शरीर काय काय करू शकते त्याचे हे उदाहरण. न्यूयॉर्कच्या ब्रुकलिन पुलाची योजना आखणारे इंजिनिअर जॉन रोब्लिंग १८६९ साली पाहणी करत असताना त्यांचा पाय धक्क्याच्या लाकडांमध्ये आणि बोटीमध्ये चिरडला, आणि काही आठवड्यांत धनुर्वाताने त्यांचा अंत झाला. पूल नंतर मुलाने आणि सुनेने पुरा केला.

कारण सापडायला सुरुवात झाली १८८४ साली. इटलीत तूरिन येथे कार्ले आणि रात्तोने यांनी धनुर्वाताने मेलेल्या माणसाच्या जखमेतला पू सशांना टोचला आणि सशांना तोच रोग झाला. म्हणजे हा स्वभावाचा किंवा हवेचा विकार नव्हता, एकाकडून दुसऱ्याला देता येणारा रोग होता. त्याच वर्षी जर्मनीत निकोलायर याने तर साधी मातीच प्राण्यांना टोचली. तरीही धनुर्वात झाला. म्हणजे विष मातीत होते. पण हा जंतू वेगळा काढता येईना. ते जमले १८८९ साली बर्लिनमध्ये कॉख यांच्या प्रयोगशाळेत काम करणाऱ्या शिबासाबुरो कितासातो या जपानी डॉक्टरला. त्याने मिश्रण ८० अंशांपर्यंत तापवले. इतर जंतू मेले, पण धनुर्वाताच्या जंतूचे कवचधारी बीज टिकले. मग त्याने ते ऑक्सिजन नसलेल्या ठिकाणी वाढवले, कारण या जंतूला हवा चालत नाही. पुढच्याच वर्षी, १८९० च्या डिसेंबरात, बेरिंग आणि कितासातो यांनी दाखवले की या विषाला सरावलेल्या प्राण्याच्या रक्तद्रवात विष निकामी करणारे काहीतरी असते आणि ते दुसऱ्या प्राण्याला देऊन त्याला वाचवता येते. अँटिटॉक्सिनचा जन्म तो. १९०१ चे पहिले वैद्यकीय नोबेल मिळाले ते एकट्या बेरिंगला. कितासातोला वगळले हे मला आजही खटकते.

गंजक्या खिळ्याचा गैरसमज इथेच दूर करतो. गंज काही करत नाही. जंतूचे बीज मातीत, धुळीत, गुरांच्या आणि घोड्यांच्या शेणात असते, आणि ते वर्षानुवर्षे टिकते. खिळा खोल रुततो, आत हवा पोचत नाही, आणि जंतूला हवे तसे घर मिळते. चकचकीत नवा खिळाही मातीत पडलेला असेल तर तितकाच धोक्याचा. बाभळीचा काटाही तसाच.

आता एक प्रकरण जरा सविस्तर सांगतो, कारण त्याची एक बाजू मुंबईत परळला आहे.

१८९६ साली मुंबईत प्लेग आला. वाल्डेमार हाफकिन हा ओडेसात जन्मलेला शास्त्रज्ञ तेव्हा भारतातच कॉलऱ्याच्या लशीवर काम करत होता. त्याला मुंबईला बोलावले. ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये त्याला अगदी तोकडी जागा मिळाली. काही महिन्यांतच त्याने प्लेगची लस बनवली आणि १० जानेवारी १८९७ रोजी ती आधी स्वतःला टोचून घेतली. मग भायखळ्याच्या तुरुंगातल्या कैद्यांवर चाचणी झाली. लस उपयोगी ठरली, मागणी वाढली, आणि १८९९ साली प्रयोगशाळा परळच्या जुन्या गव्हर्नमेंट हाउसमध्ये आली.

३० ऑक्टोबर १९०२ रोजी पंजाबातल्या मुल्कोवाल या गावात १०७ लोकांना ही लस टोचली गेली. लस परळहून गेलेली, अनेक बाटल्यांतली. आठवडाभरानंतर त्यातल्या १९ जणांना धनुर्वात झाला आणि ते सर्व मेले. हे एकोणीसही एकाच बाटलीतून टोचलेले होते. तिचा क्रमांक ५३-एन. बाकीच्या बाटल्यांतून टोचलेल्या कोणालाही काही झाले नाही.

चौकशी आयोग बसला. मुंबई उच्च न्यायालयाचे मुख्य न्यायाधीश सर लॉरेन्स जेन्किन्स त्याचे प्रमुख. हाफकिनने लस जलद बनवता यावी म्हणून प्रक्रियेतले कार्बोलिक आम्ल काढून टाकले होते, यावर बोट ठेवले गेले. बाटली परळलाच दूषित झाली असा निष्कर्ष निघाला. हाफकिनला पदावरून दूर केले. तो डॉक्टर नव्हता, प्राणिशास्त्रज्ञ होता. इंग्रज नव्हता, ज्यू होता. वसाहतीच्या नोकरशाहीत असा माणूस दोषी ठरवणे सोपे होते.

पण मुल्कोवालच्या नोंदींतच दुसरी हकिकत पडून होती. बाटली उघडताना मदतनिसाच्या हातून चिमटा जमिनीवर पडला होता. तो कार्बोलिकच्या पाण्यात नुसता हलवून पुन्हा वापरला गेला आणि त्यानेच बाटलीचे बूच ओढले गेले. गावातली जमीन, म्हणजे गुरांची माती. दुसरा मुद्दा : परळहून निघालेल्या बंद बाटलीत इतके दिवस जंतू वाढले असते तर तिला दुर्गंधी आली असती, पण उघडताना वास आला नव्हता हे नोंदलेले होते. तिसरा मुद्दा मला डॉक्टर म्हणून सर्वात पटतो. बाटलीत आधीच विष तयार असते तर रोग लवकर दिसला असता. इथे लक्षणे दिसायला आठवडा लागला. म्हणजे शरीरात गेले ते बीज, आणि विष नंतर शरीरात तयार झाले. वेळेचे गणितच सांगत होते की जंतू शेवटच्या क्षणी बाटलीत शिरले.

हे सगळे कागद उजेडात यायला वर्षे गेली. मलेरियाच्या डासाचा शोध लावणारे रोनाल्ड रॉस हाफकिनच्या बाजूने उभे राहिले आणि १९०७ च्या जुलैत लंडनच्या ‘टाइम्स’मध्ये दहा नामवंत शास्त्रज्ञांनी सहीनिशी पत्र प्रसिद्ध केले. हाफकिन निर्दोष ठरला. तो भारतात परतला, पण कलकत्त्याला. परळच्या संस्थेचा प्रमुख तो पुन्हा कधी झाला नाही. १९२५ साली त्या संस्थेला त्याचे नाव दिले गेले आणि आजही परळला हाफकिन म्हटले की रिक्षावाल्यापर्यंत सर्वांना कळते. (हो, परळला रिक्षा नाहीत. टॅक्सीवाला म्हणा.) मुल्कोवालच्या त्या एकोणीस जणांची नावे मात्र कोणाच्या ओठी नाहीत.

बोटाला लागले तर जबडा का आखडतो, या जुन्या प्रश्नाकडे आता येऊ. जंतू जखमेतच राहतो. पसरते ते त्याचे विष. ते रक्तातून सगळीकडच्या स्नायूंपर्यंत जाते आणि तिथल्या नसांच्या टोकांत शिरते. मग नसांमधून उलट दिशेने, स्नायूकडून मज्जारज्जूकडे आणि मेंदूच्या बुंध्याकडे प्रवास करते. नसांतून होणारा हा प्रवास १९०३ साली मेयर आणि रॅन्सम यांनी प्रयोगाने दाखवला. आता सरळ हिशेब आहे : ज्या नसा आखूड, तिथून विष लवकर पोचणार. चावण्याच्या स्नायूंची नस मेंदूच्या बुंध्यापासून जबड्यापर्यंत, म्हणजे काही बोटे लांब. पायाची नस कितीतरी लांब. म्हणून पहिली हाक जबडा देतो.

तिथे पोचून विष काय करते? आपल्या प्रत्येक हालचालीत दोन आज्ञा असतात. एका स्नायूला ‘आवळ’ आणि त्याच्या विरुद्ध स्नायूला ‘सोड’. आपण तोंड उघडतो तेव्हा मॅसेटरला ‘सोड’ असा निरोप गेलेला असतो. धनुर्वाताचे विष नेमका हा ‘सोड’चा निरोप तोडते. तो निरोप नेणारी रसायने चेतापेशीतून बाहेरच पडू शकत नाहीत, कारण विष त्यासाठी लागणारे एक प्रथिन कापून टाकते. हे रेणूच्या पातळीवर १९९२ साली समजले. म्हणजे इजिप्तच्या पोथीपासून मोजले तर साडेतीन हजार वर्षांनी.

सगळेच स्नायू एकदम आवळले की जो बलवान तो जिंकतो. जबड्यात बंद करणारे बलवान, म्हणून तोंड मिटते. पाठीचे स्नायू पोटाच्या स्नायूंपेक्षा बलवान, म्हणून शरीर मागे वाकते आणि धनुष्य होते. सुरुवातीला सांगितलेली विषमता ती हीच. रुग्ण पूर्ण शुद्धीत असतो, प्रत्येक झटका त्याला कळतो. दार आपटले, दिवा लागला, कोणी स्पर्श केला, की नवा झटका.

मी शिकत असताना सरकारी रुग्णालयात धनुर्वातासाठी वेगळी खोली होती. खिडक्यांना काळे पडदे, बोलायचे ते कुजबुजत, आणि इंजेक्शनेही शक्यतो एकाच वेळी सगळी. त्या खोलीत आलेल्या एका ऊसतोड कामगाराचे आठवते. तो आधी दातांच्या डॉक्टरांकडे गेला होता, कारण त्याची तक्रार एवढीच होती : भाकरीचा तुकडा तोंडात जात नाही. पायावर कोयता लागला होता ते त्याने सांगितलेच नव्हते, कारण ती जखम भरून आली होती. तो जगला. तेव्हा सगळेच जगत नसत.

मुंबईतल्या डॉक्टरांनी या रोगावर जगाला उपयोगी पडेल असे काम केले आहे, ही आपल्या अभिमानाची आणि थोडी दुःखाचीही बाब, कारण एवढे रुग्ण आपल्याकडेच होते. जे. जे. रुग्णालयात डॉ. फारोख उदवाडिया आणि सहकाऱ्यांनी १५० रुग्णांचा अतिदक्षता विभागातला अनुभव १९८७ साली प्रसिद्ध केला. श्वास चालू ठेवला, रक्तदाबाचे चढउतार सांभाळले, तर बरेच रुग्ण वाचतात, हे त्यातून दिसले. केईएममधून डॉ. आपटे आणि डॉ. कर्नाड यांनी १९९५ साली एक साधी चाचणी तपासून मांडली. जीभ दाबायच्या चपट्या पट्टीने रुग्णाच्या घशाच्या मागच्या भिंतीला स्पर्श करायचा. तुम्हाआम्हाला उमासा येईल आणि आपण पट्टी बाहेर ढकलू. धनुर्वाताच्या रुग्णात उलटे होते : जबडा खाडकन मिटतो आणि तो पट्टी चावतो. धनुर्वाताच्या संशयाने आलेल्या ४०० रुग्णांत त्यांनी ही चाचणी केली. खरोखर धनुर्वात असलेल्यांपैकी ९४ टक्क्यांत ती बरोबर निघाली आणि धनुर्वात नसलेल्या एकानेही पट्टी चावली नाही. ना रक्त तपासणी, ना स्कॅन. एक लाकडी पट्टी आणि मॅसेटर स्नायू. (कृपा करून घरी करून पाहू नका.)

लशीची गोष्ट थोडक्यात. पहिल्या महायुद्धात घोड्याच्या रक्तापासून केलेले अँटिटॉक्सिन जखमी सैनिकांना सरसकट देऊ लागले आणि धनुर्वाताचे प्रमाण झपाट्याने उतरले. पण ते संरक्षण काही आठवड्यांचे, आणि घोड्याच्या द्रवाची ॲलर्जी यायची. माझ्या वयाच्या वाचकांना एटीएस आणि त्याआधीची ती चाचणीची टोचणी आठवत असेल. पुण्यात १९६६ साली सुरू झालेल्या सीरम इन्स्टिट्यूटच्या पहिल्या उत्पादनांत हेच सीरम होते. संस्थापकांचा घोड्यांचा फार्म होता, हे त्यामागचे कारण. १९२० च्या दशकात फ्रान्सच्या गास्तों रामों यांनी विषाला फॉर्मालिनने निरुपद्रवी करून त्याचीच लस बनवली. ती टॉक्सॉइड, म्हणजे टीटीतला दुसरा ‘टी’. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेच्या लसवंत सैन्यात लाखो जखमींमध्ये धनुर्वाताचे रुग्ण निघाले अवघे १२.

आपल्याकडे खरी लढाई होती ती बाळंतघरात. नाळ विळ्याने कापायची, वर राख किंवा शेण लावायचे, ही रीत अनेक ठिकाणी होती. बाळ पहिले दोन-तीन दिवस छान दूध ओढते आणि मग ओढेनासे होते, कारण जबडा मिटतो. पाचवी-सहावीच्या रात्री सटवाई येते म्हणून दिवा जागता ठेवायची आपली प्रथा आहे. त्या रात्रींची भीती याच रोगाने घातली असावी, असे मला नेहमी वाटत आले आहे, कारण नवजात बाळाचा धनुर्वात नेमका त्याच दिवसांत दिसतो. १९८० च्या दशकाच्या अखेरीस भारतात दरवर्षी दीड ते दोन लाख नवजात बाळे याने दगावत होती असा अंदाज आहे. गरोदर बाईला दोन इंजेक्शने, स्वच्छ पाते, स्वच्छ दोरा, नाळेला काहीही न लावणे, एवढ्यावर चित्र बदलले. २०१५ साली नवजात आणि माता यांच्यातला धनुर्वात भारतातून निर्मूलित झाल्याचे जाहीर झाले. निर्मूलित म्हणजे संपला असे नव्हे. प्रत्येक जिल्ह्यात हजार जिवंत जन्मांमागे एकापेक्षा कमी, असा त्याचा अर्थ. मातीतला जंतू कुठेही गेलेला नाही.

आता तोंड न उघडण्याबद्दल दोन शब्द, नाहीतर हा लेख वाचून फोन येतील. आज दवाखान्यात ‘तोंड उघडत नाही’ म्हणून येणाऱ्यांत धनुर्वात अगदी विरळा. अक्कलदाढेचा संसर्ग, जबड्याच्या सांध्याचे दुखणे, उलटीच्या काही औषधांची प्रतिक्रिया ही कारणे जास्त. आणि सुपारी-गुटखा. त्यात महिनोन्‌महिने, हळूहळू तोंड लहान होत जाते, तिखट लागले की आग होते, गालाची आतली त्वचा पांढरी आणि कडक होते. मुंबईच्या डॉ. जोशी यांनी १९५३ साली हा विकार वर्णन केला. तिथे दोष स्नायूंचा नसून अस्तराचा, आणि त्यातून पुढे कर्करोग होऊ शकतो. उलट जबडा एक-दोन दिवसांत आखडत गेला, गिळायला त्रास होऊ लागला, मान ताठ वाटू लागली, तर गेल्या महिनाभरात कुठे खरचटले होते का ते आठवा आणि त्याच दिवशी मोठ्या रुग्णालयात जा.

इंजेक्शनबद्दल लोक दोन टोकांना असतात. एक गट दर सहा महिन्यांनी, प्रत्येक ओरखड्याला टीटी घेतो. त्याची गरज नाही. लहानपणीचे डोस पूर्ण असतील तर दहा वर्षांनी एक बूस्टर पुरतो. जखम मातीने भरलेली किंवा खोल असेल आणि शेवटचा डोस पाच वर्षांहून जुना असेल तर तेव्हा एक घ्यावा. दुसरा गट म्हणजे साठीच्या पुढचे शेतकरी पुरुष. लहानपणी लस नव्हती, बायकांना निदान गरोदरपणी मिळाली, यांना कधीच नाही. त्यांना एका इंजेक्शनने भागत नाही : पहिला डोस, महिन्याने दुसरा, सहा महिन्यांनी किंवा वर्षाने तिसरा. हल्ली टीटीऐवजी टीडी मिळते, त्यात घटसर्पाचेही संरक्षण असते. घरात असे काका-आजोबा असतील तर त्यांना विचारा. बहुतेक वेळा उत्तर ‘मला काय होतंय’ असे येते.

धनुर्वातातून बरा झालेला माणूसही या रोगापासून सुरक्षित नसतो. गोवर एकदा झाला की सहसा पुन्हा होत नाही, तसे इथे नाही. माणूस मारायला लागणारे विष इतके सूक्ष्म असते की शरीराची संरक्षणयंत्रणा त्याची ओळखच करून घेत नाही. म्हणून त्या ऊसतोड कामगाराला, काळ्या पडद्यांच्या खोलीतून घरी सोडण्याआधी, दंडावर टीटीचा पहिला डोस दिला होता आणि दुसऱ्याची तारीख कार्डावर लिहून दिली होती.